अडतीस लाखांत एक

दर सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी, न्यायवैद्यक केंद्रातल्या प्रत्येकाला आपले हात तपासायला द्यावे लागत. शिपायापासून संचालकांपर्यंत कुणाचीच सुटका नव्हती. कापसाचा ओला बोळा तळहातावरून आणि बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचा, नळीत टाकायचा आणि नळीवर आपला क्रमांक चिकटवायचा. आपल्याच माणसाच्या हातचे जंतू एखाद्या खुनाच्या सुऱ्यावर जाऊन बसले नाहीत ना, एवढीच त्यामागची काळजी. नियम डॉ. शर्वरी कारंडेनेच घालून दिला होता. त्याला कंटाळून कुरकुर करणाऱ्यांना ती दर वर्षी नव्याने झापायची.

त्या सोमवारी तिचे हात पिवळेजर्द होते. आठ दिवसांची रजा काढून ती, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच ऐन लोणच्याच्या दिवसांत, मिरजेला आईकडे गेली होती आणि तिथे पोचल्या पोचल्या आईने तिच्या हातात किसणी दिली होती. ओल्या हळदीचं लोणचं ही आईची वार्षिक मोहीम असे. अठरा किलो हळद. दोन मुली, तीन नणंदा, भाचेसुना, दूधवाला, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, सगळ्यांच्या बरण्या भरल्याशिवाय म्हातारीला चैन पडत नसे. शर्वरीने आठ दिवस सोललं, किसलं, कालवलं. साबण, लिंबू, तेल, सगळं लावून झालं तरी रंग निघाला नाही.

“मॅडम, कुणाच्या हळदीला जाऊन आलात?” निनाद फडतरेने विचारलं. निनाद तिचा विद्यार्थी. तिनेच त्याला बोळा धरायला शिकवलं होतं. आता तो केंद्राचा उपप्रमुख होता आणि तिची थट्टा करण्याचा परवाना असलेला एकमेव माणूस.

“आईच्या लोणच्याच्या,” ती म्हणाली.

बाराच्या सुमाराला तो एक कागद घेऊन तिच्या खोलीत आला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते अर्ध्यावर अडकलेलं.

“मॅडम, यंत्र म्हणतंय, खून तुम्ही केलाय.”

कागदावर लिहिलं होतं: कर्मचारी क्रमांक चार. जुळणी: लोखंडी हूक, सांगली, हळद गोदाम खून खटला. असं योगायोगाने जुळण्याची शक्यता: अडतीस लाखांत एक.

शर्वरीने तो आकडा दोनदा वाचला. सात वर्षांपूर्वी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून तिने हाच आकडा मोठ्याने सांगितला होता. तेव्हा तो दुसऱ्या बाईबद्दल होता, आणि ती बाई अजून तुरुंगात होती.

करमुद्रा या यंत्राचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. आपल्या तळहातावर शे-दीडशे जातींचे सूक्ष्म जंतू वस्तीला असतात. ते अपाय करत नाहीत, उपकारही करत नाहीत, नुसते राहतात. कुणाच्या हातावर कोणत्या जाती आणि कुठली किती, हे मिश्रण ज्याचं त्याचं वेगळं. आपण दाराची कडी धरली, पेला उचलला, की त्यातले काही तिथे उतरतात. बोटांचा ठसा पुसता येतो, मोजे घालून टाळता येतो. पण ही मंडळी फटीतून, घामातून वाट काढतात आणि लाकडा-लोखंडावर दिवसच्या दिवस टिकतात. करमुद्रा त्यांची जनुकीय अक्षरं वाचून सांगते, की ही वस्तू या हातात होती.

अर्थात ‘जुळतं’ एवढं म्हणून भागत नाही. जुळणं किती दुर्मीळ, ते सांगावं लागतं. कोर्टाला आकडा लागतो. त्यासाठी चारचौघांच्या हातांवर काय असतं, याचा एक भलामोठा संग्रह हवा. तो शर्वरीने जमवला होता. पुण्यात दोन वर्षं ती नळ्यांचे डबे घेऊन हिंडली. इंजिनिअरिंगची कॉलेजं, संगणकाच्या कंपन्या, रक्तदानाची शिबिरं, पोलीस भरतीची मैदानं. जो हात देईल त्याला एक वडापाव आणि एक प्रमाणपत्र. अकरा हजार दोनशे हात जमले. त्यावर तिला डॉक्टरेट मिळाली, त्यावरच यंत्राचं सगळं गणित उभं राहिलं. त्या अकरा हजार दोनशेंत हळदीच्या गोदामात काम करणारं एकही माणूस नव्हतं. वडापाव खायला तिथून कोण येणार?

आणि हळद जंतू मारते. हे शर्वरीला चौथीत असताना गुडघा फुटला तेव्हाच आईने सांगितलं होतं. हळदीत बुडालेल्या हातावरच्या शे-दीडशे जाती मरतात आणि पाच-सहा चिवट तेवढ्या उरतात. प्रत्येक हातावर त्याच त्या. पुण्यातल्या हातावर असं मिश्रण सापडणं महादुर्मीळ, अडतीस लाखांत एक. सांगलीच्या गोदामात मात्र ते जिकडे तिकडे असणार.

तिने त्या खटल्याची जुनी फाईल काढली.

खटला साधा होता. नंदा वाघमोडे गोदामात हळद निवडायची. हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे. तिची सोळा वर्षांची मुलगी सिद्धी दुपारी भाकरी घेऊन यायची. तिथल्या दिवाणजीने एकदा त्या पोरीबद्दल नको ते काहीतरी म्हटलं आणि नंदाने सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. तिसऱ्या दिवशी पोत्यांच्या थप्पीमागे दिवाणजी मरून पडलेला सापडला. हमाल पोती ओढायला वापरतात तो हूक मानेत होता. पोलिसांना दोन माणसांचा संशय होता, नंदाचा आणि परगावच्या एका ट्रक ड्रायव्हरचा. दोघांचे हात तपासले. ड्रायव्हरचे जुळले नाहीत, नंदाचे जुळले.

नंदाला सरकारी मदतीतून वकील मिळाली होती, रुकसाना मुजावर. नवखी, प्रश्नसुद्धा कागदावरून वाचायची. तिने उलटतपासणीत विचारलं होतं, “गोदामात आणखी तीस बायका आणि बारा हमाल आहेत. त्यांचे हात का नाही तपासले?”

“गरज नव्हती,” शर्वरी म्हणाली होती. “अडतीस लाखांत एक म्हटल्यावर बेचाळीस जणांना कशाला त्रास द्यायचा?”

तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून नंदा एकदम बोलली होती. “सायेब, आमचे समद्यांचे हात सारखेच हायती की ओ.”

कोर्टात हशा पिकला होता. न्यायाधीशही हसले. आणि शर्वरीने त्या हशाला टाळी मिळवणारं उत्तर दिलं होतं. “डोळ्यांना सारखे दिसतात. यंत्राला नाही.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तेच वाक्य मथळ्यात छापलं. आईने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं, ते अजून तिथे आहे. नंदाला जन्मठेप झाली.

“दूषित नमुना असा शेरा मारू?” निनादने विचारलं. तो दार लावून घेऊन बसला होता. “तुम्ही तेव्हा हुकाला हात लावला असेल.”

“मी हूक पाहिलासुद्धा नाही. नळी आली होती फक्त. आणि सात वर्षांपूर्वी मी हळद किसत नव्हते.”

“मॅडम, दोनशे बारा शिक्षा या यंत्रावर उभ्या आहेत. दोनशे बारा. एका लोणच्यापायी तुम्ही...”

“लोणच्यापायी नाही रे. माझ्यापायी.”

निनाद उठला. जाताना तो कागद त्याने घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला, हे तिच्या लक्षात आलं.

शनिवारी ती नळ्यांचा डबा घेऊन सांगलीला गेली. गोदाम तेच होतं. दिवाणजी नवा, बायका बऱ्याचशा जुन्या. उन्हाच्या तिरिपेत पिवळी धूळ तरंगत होती, बायकांच्या पापण्यांवरसुद्धा बसली होती. त्यांच्यातली थोरली, शेवंताक्का, शर्वरीकडे टक लावून बघत राहिली.

“तुमी त्या कोर्टातल्या बाई न्हवं?”

“हो.”

“नंदीच्या टायमाला?”

“हो.”

शेवंताक्काने पदराने हात पुसले आणि पुढे केले. “घ्या. तवा बी दिलं असतं आमी. कुणी मागितलं न्हाईत.”

तीसच्या तीस बायकांनी हात दिले. शिव्या दिल्या असत्या तर शर्वरीला बरं वाटलं असतं.

परत येताना ती मिरजेला उतरली आणि आईच्याही हाताचा एक बोळा घेतला. मंगळवारी निकाल आला. तीसपैकी बावीस बायका हुकाशी जुळल्या. आईही जुळली.

तिने फोनवर सांगितलं तेव्हा आई आधी खळखळून हसली. “म्हणजे मी खुनी!” मग हसू ओसरलं.

“शरू, त्या बाईला कधी सोडणार?”

“अगं, असं लगेच नसतं. अर्ज, सुनावणी...”

“धरताना एवढं लागलं होतं का?” आई म्हणाली.

शर्वरीने बावीस पानांचा अहवाल लिहिला. संचालकांनी तो वाचला, तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि पंधरा दिवसांनी एक परिपत्रक काढलं. ‘हळद हाताळणाऱ्या व्यक्तींच्या नमुन्यांबाबत यापुढे योग्य ती दक्षता घ्यावी.’ यापुढे. मागच्यांचं काय, मिरचीच्या गिरणीत राबणाऱ्यांचं काय, चुन्याच्या भट्टीवरच्यांचं काय, ते काही नाही. एक ओळ लिहून सगळे मोकळे झाले. मग शर्वरीने अहवालाची प्रत उचलली आणि सांगलीला रुकसाना मुजावरच्या ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवली.

मुजावरबाई आता नवख्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला.

“सात वर्षांपूर्वी हे मला मिळालं असतं तर मी तुमच्या पाया पडले असते, मॅडम.”

“आता?”

“आता उशीर झालाय.” त्यांनी कपाटातून एक पातळ फाईल काढली. “नंदाने गुन्हा कबूल केलाय. चार वर्षांपूर्वी, तुरुंगातल्या सुधारणा समितीपुढे. लेखी. अंगठा आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत.”

“पण तिने केलेलाच नाही! म्हणजे... केला असं म्हणायला काही आधारच नाही.”

“मला नका सांगू,” मुजावरबाई म्हणाल्या. “कोर्टाला सांगा.”

मुजावरबाईंच्या अर्जावर सुनावणी वरच्या कोर्टात झाली. दोन न्यायमूर्ती. सरकारच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून निनाद फडतरे उभा होता. नवा कोट, ओळखीचा आवाज. त्याने शर्वरीकडे बघून मान लववली, गुरूला लववतात तशी, आणि मग तिच्या जुन्या साक्षीची पानं वाचायला सुरुवात केली. एकेक वाक्य ठासून, तिच्याच ढंगात. बोलण्याचा तो ढंगही तिनेच शिकवला होता. ‘डोळ्यांना सारखे दिसतात. यंत्राला नाही.’ या वेळी मात्र कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“डॉक्टर कारंडेंचा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतला, मायलॉर्ड,” निनाद म्हणाला. “त्यांनी आणलेले तीस नमुने आम्ही संग्रहात मिळवले आणि हिशेब नव्याने केला. एकूण अकरा हजार दोनशे तीस हात, त्यांतले बावीस जुळतात. म्हणजे पाचशे दहांत एक.”

“म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांच्या वरच की,” एक न्यायमूर्ती म्हणाले.

“पण खून पुण्यात झाला नव्हता!” शर्वरी जवळजवळ ओरडलीच. “पुण्यातले अकरा हजार हात त्या गोदामात नव्हतेच. तिथे जे होते, त्यांत तिसातले बावीस सारखे आहेत. हमाल तर आपण मोजलेसुद्धा नाहीत.”

दुसरे न्यायमूर्ती वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “ठीक आहे, डॉक्टर. मग आज तुम्ही जे म्हणताय, त्याची खात्री किती?”

तिला कळलं, की त्यांना आकडा हवाय. खरंच ऐकायचं होतं त्यांना. आणि तिच्याकडे आकडा नव्हता.

“आकडा देता येणार नाही,” ती म्हणाली. “तेव्हा दिला तो द्यायला नको होता, एवढंच सांगता येतं.”

न्यायमूर्तींनी काहीतरी लिहून घेतलं. एका बाजूला पाचशे दहांत एक, दुसऱ्या बाजूला ‘सांगता येत नाही’. सात वर्षांपूर्वी ज्या आवाजावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, तोच आवाज आज शंका सांगायला लागल्यावर कुणाच्या कामाचा उरला नाही. निनाद खाली मान घालून नखं बघत होता. त्याला लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. वाटत असली तरी त्याने ती कोर्टाच्या कामकाजात नोंदवली नाही.

तरी म्हाताऱ्या न्यायमूर्तींनी एक फट ठेवली. आदेशात म्हटलं होतं, की शास्त्रीय पुराव्यावर वाद असला तरी आरोपीची कबुली त्याच्या वरची आहे. आरोपीने ती स्वतः, कुणाच्या दबावाशिवाय, महिन्याच्या आत मागे घेतली, तर फेरविचार होईल. घेतली नाही, तर विषय संपला.

म्हणजे नंदाने फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

तुरुंगाच्या मुलाखतीच्या खोलीत नंदा शर्वरी आणि मुजावरबाईंच्या समोर येऊन बसली तेव्हा शर्वरीने आधी तिचे हात पाहिले. स्वच्छ, फिकट, साबणाच्या पाण्याने सुरकुतलेले. ती आता कपडे धुण्याच्या विभागात होती. आज हे हात तपासले असते तर ते हुकाशी मुळीच जुळले नसते.

“वळखलं मी तुमास्नी,” नंदा म्हणाली. “मशीनवाल्या बाई.”

शर्वरीने सगळं सांगितलं. हळद, लोणचं, आई, शेवंताक्का. हात जोडून माफी मागितली. आपण रडणार नाही असं तिने ठरवलं होतं, तेही जमलं नाही. नंदा शांतपणे ऐकत होती. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालू होती.

“तुमच्या आईचं बी जुळलं?” तिने मध्येच विचारलं.

“हो.”

“बाई गं,” ती हळहळली. “म्हातारीला धक्का बसला आसंल.”

“नंदाताई, तुम्ही कोर्टात तेव्हा खरं बोलला होतात. मग कबूल का केलंत?”

नंदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“दोन वर्सं न्हाई म्हटलं म्या. ज्याला त्याला सांगत हुते, म्या न्हाई केलं. मग येकदा पोरगी आली भेटाय. नुकतीच कालेजात गेल्ती. म्हनली, आई, मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय तुझ्याशी वैर हाय? खरं सांग. खोटं मला सोसत न्हाई. खरं बोललीस तर यीन, न्हाईतर न्हाई.” ती थांबली. “अकरा म्हैनं आली न्हाई. मोजलेत म्या. मग म्या सायबास्नी म्हटलं, लिवा. लिवलं, अंगठा दिला. फुडच्या म्हैन्यात आली की ओ. डबा घिऊन आली. गळ्यात पडून रडली. तवापास्नं दर पयल्या ऐतवारी येतीया. येक खाडा न्हाई.”

“पण तुम्ही तर केलंच नव्हतं...”

“आता ते काय मला ठावं, बाई?” नंदा सरळ तिच्याकडे बघत म्हणाली. “राग तर लई आल्ता. रागात मानूस काय करतंय ते त्याचं त्याला कळतंय का? आताशा सपनात हूक माज्या हातातच असतोय. गार लागतोय. न्हाई केलं म्हणावं, तर मग ही सात वर्सं कशापायी?”

मुजावरबाईंनी पुढे सरकवलेला कबुली मागे घेण्याचा कागद नंदाने वाचून घेतला नाही, परतही केला नाही. “पोरीला इचारून सांगते,” एवढंच म्हणाली.

मग शर्वरी पोरीकडे गेली. सिद्धी वाघमोडे आता तेवीस वर्षांची होती. कोल्हापुरात रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. शर्वरीच्या मनात आलं, हिच्या आयुष्यातलं हे काम माझ्यामुळेच आलेलं असणार. तसंच होतं. “तुमची मुलाखत पाहिली होती टीव्हीवर,” सिद्धी म्हणाली. “तेव्हाच ठरवलं, लॅबमध्ये जायचं. तिथे कुणी खोटं बोलत नाही.”

शर्वरीने तिच्यासमोर अहवाल उघडला. पोरीला आकडे कळत होते. ती एकेक तक्ता बोट ठेवून वाचत गेली आणि शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं.

“मी रोज दीडशे रिपोर्ट देते,” ती म्हणाली. “लोक तो कागद बघून रडतात, देवाला नारळ फोडतात. मी म्हणते, कागदावर आहे ते खरं. सात वर्षांपूर्वी तुम्ही कागद आणलात तो खरा होता. आज वेगळा आणलाय. कुठल्या तारखेचा धरू?”

“माझा कुठलाच धरू नकोस. आईला विचार.”

“ती हो म्हणालीये.”

“तू यावंस म्हणून म्हणालीये ती.”

सिद्धीचा चेहरा क्षणभर पडला. सोळा वर्षांची ती पोर, भाकरीचं फडकं हातात घेतलेली, त्या चेहऱ्यात दिसून गेली. मग तिने ओठ घट्ट मिटले.

“असं असेल तर...” ती थांबली. “असं असेल तर मी काय केलं? अकरा महिने?” तिने अहवाल मिटला. “मी विचारीन. समोरासमोर. ती नाही म्हणाली तर मी तिच्या पाया पडेन आणि कागदावर अंगठा घेऊन येईन.”

मुदत संपायला चार दिवस उरले असताना, महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिघी तुरुंगात गेल्या. मुजावरबाईंनी कागद तयार ठेवला होता, शाईची डबीही. सिद्धीने जेवणाचा डबा आणला होता, नेहमीसारखा. वाटेत ती एक शब्द बोलली नव्हती. बसच्या खिडकीशी बसून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. पोरीने प्रश्न पाठ करून ठेवलाय, असं शर्वरीला वाटलं.

नंदा आली. लेकीला बघून तिचा चेहरा उजळला. मग लेकीच्या मागे उभ्या असलेल्या दोघी दिसल्या आणि उजळलेलं सगळं आकसलं. टेबलावरचा कागद तिने ओळखला.

“बस, आई,” सिद्धी म्हणाली. तिचा आवाज तिच्या ताब्यात नव्हता. रडू दाबायचं म्हणून ती कठोर बोलत होती, शर्वरीला ते स्पष्ट कळत होतं. पण टेबलाच्या पलीकडून ते तसं दिसत नसावं. “मला एकच विचारायचंय. दिवाणजीला तू मारलंस?”

नंदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“खरं सांग, आई. खोटं मला सोसत नाही.”

तेच शब्द होते. पोरीला आठवतही नसेल. शर्वरीला ओरडून सांगावंसं वाटलं, असं नको विचारूस, दुसऱ्या शब्दांत विचार. पण ‘कुणाच्या दबावाशिवाय’ असं आदेशात लिहिलेलं होतं, आणि दारात तुरुंगाधिकारी उभा राहून ऐकत होता.

नंदाने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले ओठ. मग टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे ते अकरा महिने एकेक करून जात असावेत. शर्वरीलाही ते मोजता आले असते. एका पारड्यात बाहेरचं जग होतं, दुसऱ्यात महिन्याचा पहिला रविवार. त्या बाईला त्यातलं एकच ओळखीचं होतं.

“व्हय,” नंदा म्हणाली. “म्याच मारलं त्याला.”

सिद्धीच्या तोंडून श्वास सुटला. तिने मागे वळून शर्वरीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या खाली, शर्वरीने ते नीट पाहिलं, सुटका होती. आपण आईला अकरा महिने उगाच टाकलं नव्हतं, याची सुटका.

“ऐकलंत?” ती म्हणाली. “आता पुरे करा.”

मुजावरबाईंनी कागद उचलला, शाईची डबी पर्समध्ये टाकली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तुरुंगाधिकाऱ्याने वहीत वेळ टिपली.

नंदाने डबा उघडला. आत दोन भाकऱ्या होत्या, ठेचा होता आणि कागदात गुंडाळलेल्या शेंगदाण्याच्या वड्या. तिने एक वडी मोडली, अर्धी लेकीच्या हातावर ठेवली. ते स्वच्छ, फिकट हात शर्वरी बघत राहिली. नंदाचं तिच्याकडे लक्ष गेलं, तशी ती ओशाळून हसली. बाईचा उगीच हेलपाटा झाला, असं काहीसं त्या हसण्यात होतं.

“मनाला लावून घिऊ नगासा, बाई,” ती म्हणाली. “तुमचं मशीन बरोबरच हुतं.”

मग तिने लेकीकडे तोंड वळवलं आणि तिच्या कुडत्याची बाही जरा सारखी केली.

“फुडच्या म्हैन्यात येशील न्हवं?”